ऐन विशीतला होकार

२ ऑगस्ट १८६३ या दिवशी कोल्हापुरात एका अमेरिकन मिशनऱ्याच्या घरी मुलगा झाला. नाव ठेवलं रॉबर्ट. कोल्हापुरात बालपण काढलेल्या या मुलाने बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी अमेरिकेतल्या कॉलेजांत अशी चळवळ उभी केली, की पुढच्या साठेक वर्षांत वीस हजारांहून अधिक तरुण-तरुणी घरदार आणि सुखाच्या नोकऱ्या सोडून परमुलखात गेले. कुणी शिक्षक झालं, कुणी डॉक्टर, कुणी नर्स, कुणी धर्मोपदेशक. 'स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट' हे त्या चळवळीचं नाव. ख्रिस्ती मिशनांच्या जागतिक इतिहासात रॉबर्ट पार्मली वायल्डर हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. कोल्हापुरात त्याच्या घराण्याचं नाव न्यू शाहूपुरीतल्या वायल्डर मेमोरियल चर्चला आहे. दर रविवारी तिथे उपासनेला येणाऱ्या तरुण पोरापोरींना ही हकीकत कुणीतरी नीट सांगायला हवी, म्हणून हा लेख.

तरुणपणी माणूस देवाकडे वळतो तेव्हा नेमकं काय होतं? घरचे म्हणतात, वय आहे, उतरेल. मित्र म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय. मंडळीतली वडीलधारी माणसं कौतुक करतात आणि खुर्च्या मांडायला सांगतात. पण आपल्या मराठी मुलखातली उदाहरणं एकेक करून पाहिली, तर वेगळंच काही दिसतं. ऐन विशीत दिलेला होकार आयुष्यभर टिकतो, एवढंच नव्हे तर तो दुसऱ्यांच्या आयुष्यालाही वळण देतो. मात्र त्याआधी घरात प्रार्थना असावी लागते, आणि नंतर हाताला काम मिळावं लागतं. वायल्डर घराण्याच्या हकिकतीत या दोन्ही गोष्टी ठळक दिसतात.

गवताच्या गंजीपासून कोल्हापूरपर्यंत

या हकिकतीचं मूळ बरंच मागे आहे. १८०६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी माळावर प्रार्थनेला जमले होते. वादळ आलं. विजा कडाडू लागल्या म्हणून ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले, आणि तिथेच सॅम्युएल मिल्स नावाच्या विद्यार्थ्याने आशिया खंडात शुभवर्तमान घेऊन जाण्याचा विषय काढला. त्या पाच पोरांच्या बोलण्यातून पुढे १८१० मध्ये 'अमेरिकन बोर्ड' ही संस्था निघाली. तिचे पहिले लोक १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. त्यांत गॉर्डन हॉल होता. तोही विल्यम्स कॉलेजचाच विद्यार्थी. पुढे तो मराठी शिकला, इथेच राबला आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेला. मुंबईतून हे काम १८३१ मध्ये अहमदनगरला पोचलं आणि 'अमेरिकन मराठी मिशन' या नावाने महाराष्ट्रभर ओळखलं गेलं.

याच मिशनमधून रॉबर्टचे वडील रॉयल गूल्ड वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापूरला आले. जन्म १८१६ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँटचा. अँडोव्हरच्या धर्मविद्यालयात शिकताना ते मिल्सने सुरू केलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रार्थना मंडळाचे सभासद होते. म्हणजे गंजीखाली दिलेला शब्द पाळणाऱ्यांपैकीच एक. संस्थानी कोल्हापुरात तेव्हा मिशनचं काम नव्हतं. इंग्रजांविरुद्ध गडकऱ्यांचं बंड होऊन आठच वर्षं झाली होती, आणि गोऱ्या माणसाकडे लोक संशयाने पाहत असणार हे उघड आहे. अशा गावात वायल्डर पती-पत्नींनी शाळा काढल्या, मुलींनाही शिकवायला बसवलं.

या शाळांवरूनच त्यांचं स्वतःच्या संस्थेशी बिनसलं. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांचं मत असं की मिशनने शाळांवर शक्ती खर्चू नये, उपदेश करावा आणि देशी मंडळ्या स्वतःच्या पायावर उभ्या कराव्यात. वायल्डर यांचं म्हणणं असं की मुलं शिकल्याशिवाय मंडळी उभी राहणार नाही. १८५७ मध्ये प्रकृतीसाठी अमेरिकेला गेलेल्या वायल्डरना बोर्डाने परत पाठवलं नाही. १८६१ मध्ये ते कुठल्याही संस्थेच्या पगाराशिवाय, ओळखीपाळखीच्यांच्या मदतीवर कोल्हापूरला परतले. १८७० च्या सुमारास प्रेस्बिटेरियन मिशनने हे काम आपल्याकडे घेतलं. त्यांच्या चरित्राच्या नोंदी सांगतात की हिंदुस्थानातल्या साऱ्या वर्षांत मिळून त्यांनी तीन हजारांहून अधिक गावं आणि वस्त्या पालथ्या घातल्या, आणि त्यांच्या शाळांत ३,३०० मुलं शिकली; त्यांत ३०० मुली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या मराठी मुलखात ३०० मुली अक्षरओळख घेऊन घरी गेल्या, हे काम लहान नव्हे.

घरातली प्रार्थना

रॉबर्ट या घरात वाढला. आई एलायझा, थोरली बहीण ग्रेस, आणि दारात सतत येणारी-जाणारी मराठी माणसं. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी कुटुंबाबरोबर तो अमेरिकेला गेला, पण मन इथेच अडकलं होतं. आपण मिशनरी होऊन परत यायचं, हे त्याने शाळकरी वयातच ठरवलेलं होतं.

वडिलांनी प्रिन्स्टनला राहून 'मिशनरी रिव्ह्यू' हे नियतकालिक १८७८ मध्ये सुरू केलं. रॉबर्ट प्रिन्स्टन कॉलेजात शिकू लागला. १८८३ मध्ये त्याने आणि काही मित्रांनी तिथे एक लहानसा मिशनरी संघ काढला. सभासद थोडे, आणि बैठका वायल्डरांच्या घरीच, रविवारी. पुढच्या खोलीत पोरांची बैठक चाललेली असायची तेव्हा ग्रेस आत गुडघे टेकून त्यांच्यासाठी प्रार्थना करायची. ती स्वतः माउंट होलिओक या मुलींच्या कॉलेजची. तिथल्या मैत्रिणींना घेऊन तिनेही असाच संघ काढला होता. भाऊबहीण रात्री एकत्र बसून मागत असत की देशभरातल्या कॉलेजांतून एक हजार तरुण या कामाला उभे राहू देत.

चळवळींचा इतिहास लिहिताना व्यासपीठावर उभा राहिलेल्याचं नाव येतं, आतल्या खोलीतलीचं राहून जातं. ग्रेसच्या बाबतीत असं होऊ नये. नव्या करारात तीमथ्य नावाचा तरुण पाळक आहे. पौल त्याला पत्र लिहितो तेव्हा आधी त्याची आजी लोईस आणि आई युनिके यांच्या विश्वासाची आठवण काढतो, आणि दुसरीकडे त्याला बजावतो की तू तरुण आहेस म्हणून कुणी तुला कमी लेखू नये. घरच्या बायकांचा विश्वास आणि तरुणाचा मान, या दोन्ही गोष्टी त्याने एकाच मुलाला सांगितल्या. आपल्याकडच्या ख्रिस्ती घरांतही संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना बहुतेक वेळा आई किंवा आजीच चालवते. पोरं कुरकुरत बसतात, मोबाइल उलटा ठेवतात, डोळे किलकिले करून पाहतात. पण पुढे कधीतरी परमुलखात, खोलीवर एकटं असताना, अडचणीच्या रात्री तोंडात येते ती त्याच प्रार्थनेची चाल.

शंभर सह्या

१८८६ च्या जुलैत प्रसिद्ध प्रवचनकार ड्वाइट मूडी यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये कनेक्टिकट नदीकाठच्या माउंट हर्मन शाळेत विद्यार्थ्यांचं महिनाभराचं बायबल शिबिर भरवलं. नव्वदेक कॉलेजांतून अडीचशे तरुण आले. रॉबर्ट नुकताच पदवीधर झालेला, वय तेविसाला टेकलेलं, प्रकृती तोळामासा. निघताना ग्रेसने त्याला सांगितलं होतं की या शिबिरातून शंभर जण उभे राहतील अशी माझी खात्री आहे.

शिबिराच्या कार्यक्रमात परदेशी मिशनचा विषय नव्हता. रॉबर्टने आल्या आल्या असे विद्यार्थी शोधले ज्यांच्या मनात हा विचार आधीपासून होता. वीस-एकवीस निघाले. ते रोज एकत्र येऊन प्रार्थना करू लागले. मग एकेकाला गाठायचं, नदीकाठी फिरायला न्यायचं, बोलायचं, विचारायचं असं सुरू झालं. धर्मोपदेशक आर्थर पिअर्सन यांच्या एका व्याख्यानाने वातावरण तापलं. जुलैच्या उत्तरार्धात एका संध्याकाळी दहा तरुण एकामागून एक उभे राहिले आणि प्रत्येकाने एकेका देशाची किंवा समाजाची गरज थोडक्या शब्दांत मांडली. त्यांत जपानी होता, सयामी होता, आर्मेनियन होता, अमेरिकेतला मूळनिवासी होता. हिंदुस्थानासाठी रॉबर्ट उभा राहिला. सभा संपली तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पोरं गप्प उठली आणि रात्री उशिरापर्यंत झाडीत, खोल्यांत, नदीकाठी एकेकटी प्रार्थना करत राहिली.

पुढच्या काही दिवसांत नावं वाढत गेली. शेवटच्या दिवशी यादीत ९९ सह्या होत्या. निरोपाच्या प्रार्थनेला सगळे गुडघ्यावर असताना दार उघडून आणखी एक जण आत आला आणि त्यांच्यात बसला. शंभर झाले. त्या शंभरांत कॉर्नेलचा जॉन मॉट हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी होता. पुढे १९४६ मध्ये त्याला शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं.

शिबिरात पेटलेलं शिबिरातच विझतं, हा सगळ्यांचा अनुभव. इथे तसं झालं नाही, कारण पोरांनी घरी जाण्यापूर्वीच पुढचं काम ठरवलं. रॉबर्ट आणि लाहोरच्या फोरमन मिशनऱ्यांचा मुलगा जॉन फोरमन या दोघांनी १८८६-८७ च्या शैक्षणिक वर्षात अमेरिका आणि कॅनडातली दीडशेहून अधिक कॉलेजं आणि धर्मविद्यालयं पालथी घातली. दोन हजारांहून जास्त तरुणांनी नावं दिली; त्यांत पाचशेच्या आसपास तरुणी होत्या. भावंडांनी हजार मागितले होते. घरी वडील आजारी होते, 'रिव्ह्यू'च्या कामाला त्यांना मुलाची गरज होती, तरी त्यांनी त्याला अडवलं नाही. रॉयल वायल्डर १० ऑक्टोबर १८८७ रोजी न्यूयॉर्कमध्ये गेले, कोल्हापूरला परतण्याची तयारी चालू असताना. त्यानंतर एलायझा आणि ग्रेस या मायलेकी इकडे आल्या आणि कोल्हापूर भागातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांमध्ये त्यांनी काम केलं. रॉबर्टही १८९० च्या दशकात हिंदुस्थानात आला आणि विद्यार्थ्यांमध्ये वावरला. १९३८ च्या मार्चमध्ये ओस्लो इथे त्याचं निधन झालं.

या चळवळीचं ब्रीद होतं, याच पिढीत साऱ्या जगाला शुभवर्तमान पोचवायचं. आज ते वाक्य जसंच्या तसं उचलता येणार नाही. तो साम्राज्यांचा काळ होता, गोऱ्या माणसाच्या धर्मसेवेला राज्यकर्त्यांच्या सावलीचा आधार होता, आणि त्यातल्या अनेकांना समोरच्याचा धर्म नीट समजून घेण्याची सवड नव्हती. पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती म्हणवणारी राष्ट्रंच एकमेकांवर तुटून पडली तेव्हा त्या ब्रीदातला आत्मविश्वास ढासळला, आणि १९२० नंतर चळवळ ओसरत गेली. हे सगळं मान्य करूनही एक गोष्ट शिल्लक उरते. आपलं शिक्षण, आपलं वय आणि आपली उमेद देवाची आहे असं मानून ती दुसऱ्यांसाठी खर्च करणारी पोरं त्या पिढीने हजारोंनी दिली.

होकाराची किंमत

वायल्डरांचा मुलगा ख्रिस्ती घरातच जन्मला होता. ज्यांना घर सोडून यावं लागलं त्यांची गोष्ट अधिक कठीण आहे, आणि ती आपल्या माणसांची आहे.

कोल्हापूरपासून शंभरेक किलोमीटरवर बेळगाव. तिथे १८३१ मध्ये कासार घराण्यात बाबा पदमनजी जन्मले. लहानपणी अत्यंत कर्मठ, पूजाअर्चा, व्रतं मनापासून करणारे. बेळगावच्या मिशन शाळेत आणि पुढे मुंबईत शिकताना मनात प्रश्न उठू लागले. जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेत ते गेले. तिथे बंड होतं, पण जिवाला लागलेली तहान भागेना. कित्येक वर्षांची ही ओढाताण त्यांनी 'अरुणोदय' या १८८८ च्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. १८५४ मध्ये, तेविसाव्या वर्षी, बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याची किंमत घर तुटण्यात मोजावी लागली. तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांची 'यमुनापर्यटन' आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिला ओळखतो, आणि तिचा विषय आहे हिंदू विधवांचे हाल. देवाकडे वळलेल्या तरुणाची नजर पहिल्यांदा गेली ती समाजातल्या सर्वांत असहाय बाईकडे. वळण खरं आहे का, हे ओळखण्याची याहून चांगली खूण मला माहीत नाही.

पदमनजींच्या बाप्तिस्म्याआधी अकरा वर्षं, १८४३ मध्ये, मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, जेमतेम बारा वर्षांचा, त्याच्या मागोमाग मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने अजाण मुलाला वडिलांच्या हवाली केलं. मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर मुंबईच्या ब्राह्मणवर्गात रण माजलं. बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने ठाम उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन पोराला जातीत घ्या म्हणाले, आणि त्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष पत्करला. थोरला नारायण पुढे जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारून दलित ख्रिस्ती कुटुंबांच्या उन्नतीसाठी झिजला.

श्रीपतच्या प्रकरणातून आजही शिकण्यासारखं आहे. बारा वर्षांच्या मुलाच्या श्रद्धेचा निर्णय त्याच्या आईबापांना डावलून कुणी घेऊ नये. आणि जाणत्या झालेल्या तरुणाच्या श्रद्धेचा निर्णय दुसऱ्या कुणीही, जातीने, जमावाने किंवा पाळकानेही, त्याच्या वतीने घेऊ नये. संविधानाच्या २५ व्या कलमाने सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य दिलं आहे ते प्रत्येकाला. आमिषाने किंवा भीतीने आलेला माणूस देवाकडे आलेलाच नसतो. ख्रिस्ती मंडळीने हे सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्या आवाजात म्हणायला हवं.

रमाबाई आणि मुक्तीच्या मुली

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. पण त्यांनी स्वतः नंतर लिहून ठेवलं आहे की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला आणखी आठेक वर्षं लागली. इतकी विदुषी, इतकी प्रामाणिक बाई, आणि तिलाही दोन वेळा वळावं लागलं. तरुणांनी हे ध्यानात ठेवावं. एका शिबिरात, एका रात्री डोळ्यांत पाणी आलं म्हणजे प्रवास संपला असं नाही, आणि ते पाणी पुढे आटलं म्हणजे सगळं खोटं होतं असंही नाही.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत रमाबाईंनी शेकडो अनाथ मुली आणि बालविधवा केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या. १९०५ च्या सुरुवातीला त्यांनी मुलींना रोज एकत्र जमून प्रार्थना करण्याचं आवाहन केलं. सत्तर जणी पुढे आल्या, आणि काही महिन्यांत संख्या साडेपाचशेवर गेली. जूनच्या अखेरीला तिथे जे जागरण सुरू झालं त्याची नोंद जगभरच्या ख्रिस्ती इतिहासात आहे. मुली रडत होत्या, आपापली पापं कबूल करत होत्या, तासन् तास प्रार्थना करत होत्या. एरवी ज्यांना घरात तोंड उघडायची मुभा नव्हती अशा पोरी मोठ्याने देवाशी बोलत होत्या. त्यानंतर त्यांच्या टोळ्या पाळीपाळीने आसपासच्या खेड्यांत जाऊ लागल्या. एरवी मात्र याच मुली मुक्तीच्या शाळेत शिकत होत्या, शेतात, विणकामाला, छापखान्यात राबत होत्या. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच आवारात घडलं. प्रार्थना आणि काम यांची अशी सांगड मुलींनी घातलेली महाराष्ट्राने क्वचितच पाहिली.

वसतिगृह आणि दवाखाना

कोल्हापुरात तरुणांना आधार देण्याचं काम एकट्या मिशनने केलेलं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची जी रांग उभी केली, तीत १९१५ चं इंडियन ख्रिश्चन होस्टेलही होतं. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या जातींचे विद्यार्थी यांच्याबरोबर ख्रिस्ती मुलांचीही सोय छत्रपतींनी आपली मानली. कोल्हापूरचा ख्रिस्ती तरुण या गावात परका नाही, याचा याहून मोठा दाखला कुठला?

आणि मिरज. विल्यम वॉनलेस हा कॅनडातला तरुण डॉक्टर १८८९ मध्ये, चोविसाव्या वर्षी, या भागात आला. मिरज संस्थानाधिपतींनी जागा दिली आणि १८९४ मध्ये तिथे मिशनचं रुग्णालय सुरू झालं. पुढे वैद्यकीय शिक्षणाचीही सोय झाली. चाळीस वर्षं हा माणूस इथे शस्त्रक्रिया करत राहिला. सांगली-मिरजेच्या मधल्या वॉनलेसवाडीला त्याचं नाव आहे, आणि कोल्हापुरातल्या मेरी वॉनलेस हॉस्पिटलमध्येही ते आडनाव टिकून आहे. मिरजेत आजही दूरदूरचे रुग्ण उपचाराला येतात. त्या लौकिकाच्या पायाशी एका चोवीस वर्षांच्या पोराचा होकार आहे.

आजची पोरं

आता आजच्या मंडळीकडे पाहू. रविवारची उपासना. पुढच्या बाकांवर वडीलधारी, हातात 'उपासना संगीत' हे गीतांचं पुस्तक. मागच्या बाकांवर तरुण. नारायण वामन टिळकांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी ख्रिस्तभक्तीला अभंगाचं आणि भजनाचं अंग दिलं, त्या चाली पेटी-तबल्यावर अजून रंगतात. मधूनच तरुण संघाची मुलं गिटार आणि कीबोर्ड घेऊन उभी राहतात आणि हिंदी-इंग्रजी गाणी म्हणतात. काही आजोबांच्या कपाळावर आठी चढते. स्पीकरच्या वायरी जोडणारी, स्क्रीनवर ओळी दाखवणारी, शब्बाथ शाळेत चिमुरड्यांना दाविदाची गोष्ट साभिनय सांगणारी ही पोरंच असतात. नाताळच्या आधीच्या रात्री थंडीत घरोघर कॅरल म्हणत फिरतात तीही हीच. करंज्या-चकल्यांची ताटं पुढे येतात, शेजारची हिंदू-मुस्लिम पोरंही त्यांच्या घोळक्यात असतात.

दृढीकरणाच्या वर्गात ती दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, प्रेषितांचा मतांगीकार पाठ करतात. पण त्यांच्या पोटातले प्रश्न प्रश्नोत्तरीत नसतात. विज्ञान शिकताना श्रद्धा कशी सांभाळू? पुण्यात नोकरी लागली, तिथे रविवारीही शिफ्ट असते, मग उपासनेचं काय? मंडळीत सगळे एक म्हणता, मग लग्न ठरवताना मूळ जात का विचारता? रात्र रात्र झोप येत नाही, मन खचलंय, हे पाळकसाहेबांना सांगू की डॉक्टरांना? आणि दलित ख्रिस्ती कुटुंबांतल्या मुलांचा आणखी एक प्रश्न: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंना, नंतर १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाल्या, ख्रिस्ती झालेल्यांना नाहीत. वस्ती तीच, वागणूक तीच, दाखला मात्र वेगळा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक साधारण दहा लाख ऐंशी हजार, म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. इतक्या थोड्या लोकांत श्रद्धा उघडपणे जगणं तरुण पोराला सोपं नाही.

या प्रश्नांना 'प्रार्थना कर, सगळं ठीक होईल' एवढंच उत्तर देणं हा प्रार्थनेचाच अपमान आहे. प्रार्थना करावीच. पण ज्याचं मन खचलं आहे त्याला हाताला धरून डॉक्टरकडेही न्यावं. ज्याचे प्रश्न आहेत त्याच्याबरोबर बसून बायबल उघडावं. जात विचारणाऱ्या घराला मंडळीने जाब विचारावा. दुसरीकडे, अनेक मंडळ्यांची शक्ती जागा, इमारती आणि निवडणुकांच्या भांडणांत वाया जाते, हे तरुण उघड्या डोळ्यांनी पाहतात. ती पोरं देवापासून दूर गेली असं आपण म्हणतो. पुष्कळदा ती आपल्या भांडणांपासून दूर गेलेली असतात.

वयांचा हिशेब पुन्हा एकदा मांडू. पदमनजी तेवीस, रमाबाई पंचवीस, वायल्डर तेविसाच्या उंबरठ्यावर, मॉट एकवीस, वॉनलेस चोवीस. यांतला कुणीही 'जरा मोठा हो, मग बघू' हे ऐकून थांबला असता, तर मराठीची पहिली कादंबरी, मुक्ती मिशन आणि मिरजेचं रुग्णालय यांपैकी काय उरलं असतं? उपदेशक या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात तरुणपणीच निर्माणकर्त्याची आठवण ठेवायला सांगितलं आहे, अंगात जोर आहे तोवर. तो जोर मंडळीला खुर्च्या मांडण्यापुरताच हवा असेल, तर तो दुसरीकडे जाणारच.

म्हणून कोल्हापुरातल्या आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक मंडळीच्या वडीलधाऱ्यांना विनंती आहे. येत्या वर्षी कार्यकारिणीत तिशीच्या आतल्या निदान दोघांना, एक मुलगा आणि एक मुलगी, मतासह जागा द्या. गावातल्या एखाद्या दवाखान्यात, वस्तीतल्या अभ्यासिकेत, वृद्धाश्रमात पोरांना नेमाने सेवेला पाठवा, आणि त्याचा खर्च मंडळीच्या अंदाजपत्रकात धरा. घरची संध्याकाळची प्रार्थना बंद पडली असेल तर ती आजपासून सुरू करा. आणि तरुणांनो, तुमच्या मनात होकार उठला असेल तर तो कुणाच्या परवानगीसाठी अडवून ठेवू नका. मात्र तो दिल्यावर घरी बसू नका, ज्याला तुमची गरज आहे त्याच्या दारी जा.